सॉव्हरिनचा मिंट मार्क सेट : मुंबईचं आय आलं, ओटावाचं सी बाकी

तर मंडळी, आय आलं एकदाचं. म्हणजे १९१८ चं मुंबई टाकसाळीचं सॉव्हरिन (ब्रिटिश सोन्याचं नाणं), ज्यावर टाकसाळीची खूण म्हणून आय अक्षर असतं, ज्याच्यासाठी मधे बाकी सगळी खरेदी थांबवून ठेवली होती. लंडन, सिडनी, मेलबर्न, पर्थ, प्रिटोरिया आधीच झाली होती, त्यामुळे जुन्या सात टाकसाळींपैकी आता फक्त ओटावाचं सी राहिलं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आताच्या रूपातलं सॉव्हरिन १८१७ पासूनचं, २२ कॅरेट, वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी. लंडनच्या नाण्यावर अक्षर नसतं, बाकी शाखांनी आपापलं अक्षर टाकलं, सिडनी एस, मेलबर्न एम, पर्थ पी, ओटावा सी, प्रिटोरिया एसए आणि मुंबई आय. बरेच जण वर्षांच्या मागे लागतात, सगळी वर्षं भरायची म्हणतात आणि १८१९ पाशी येऊन अडकतात, कारण त्या वर्षी पाडलीच जेमतेम साडेतीन हजार, मग तो एक खाना जन्मभर रिकामा बघत बसायचं. टाकसाळींचा सेट माणसाच्या हातून पुरा होऊ शकतो, आणि त्यात शिकायला जास्त मिळतं असं माझं स्पष्ट मत आहे, ज्याला पटत नसेल त्याने १८१९ शोधत बसावं.

आता आय बद्दल. पहिल्या महायुद्धात सोनं समुद्रातून इकडून तिकडे नेणं धोक्याचं झालं होतं म्हणून मुंबईत रॉयल मिंटची शाखा निघाली आणि १९१८ सालची १२,९५,३७२ सॉव्हरिन पाडून ती बंदही झाली. त्याच टाकसाळीत त्याच वर्षाचं, त्याच वजनाचं आणि त्याच कसाचं १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही आहे, ते पुढेमागे बाजूला ठेवायला आवडेल पण ते सेटमध्ये धरत नाही. खरं सांगायचं तर आय हे दुर्मिळ नाणं नाहीच, जवळपास तेरा लाख म्हणजे काही कमी नाहीत, पण एकच वर्ष असल्यामुळे सेट करणाऱ्या प्रत्येकाला तेच एक हवं असतं, आणि विकणारे "अतिदुर्मिळ" लिहून मोकळे होतात.

अक्षर शोधायचं कुठे, तर मागच्या बाजूला, जिथे सेंट जॉर्ज घोड्यावरून ड्रॅगनला मारतोय, तो घोडा ज्या जमिनीवर उभा आहे त्या पट्टीवर, तारखेच्या मधोमध. १९१८ मध्ये म्हणजे ९ आणि १ यांच्या बरोबर वर. आय म्हणजे नुसती एक बारीक उभी रेघ, दहा पट लूपखाली (भिंगाखाली) सुद्धा पहिल्यांदा ओरखडाच वाटतो, नाणं जरा तिरकं करून प्रकाश एका बाजूने घेतला की मग तिची वरची-खालची टोकं दिसतात आणि खात्री पटते. पण सगळीकडे जागा हीच असते असं नाही. व्हिक्टोरियाच्या तरुण चेहऱ्याच्या नाण्यांवर मागे घोडेस्वार असेल तर अक्षर पुढच्या बाजूला मानेखाली, आणि घोडेस्वाराऐवजी ढाल असेल तर ढालीखालच्या पानांच्या वेलीखाली. हे माहीत नसलं की लोक एस असलेलं नाणं लंडनचं म्हणून विकतात, ज्याचा फायदा घ्यायचा त्याने घ्यावा :)

आणखी एक कामाची गोष्ट, १९१८ चं सॉव्हरिन बिनअक्षरी दिसलं तर हात लावू नका. लंडनने १९१७ नंतर थेट १९२५ चं सॉव्हरिन पाडलं, त्यामुळे १९१८ चं लंडन असं काही नसतंच. १९१७ चं लंडन असतं पण बहुतेक वितळली गेली म्हणतात म्हणून त्याला भाव, आणि भाव म्हणून नकली माल. सिडनी किंवा पर्थच्या १९१७ वरचं अक्षर खरवडून सुद्धा लंडन बनवता येतं, तेव्हा ती पट्टी लूपखाली नीट बघायची, जमीन तिथेच सपाट किंवा वेगळी चमकत असेल तर गडबड. माझ्या लंडनच्या खान्यात १९२५ आहे, आणि त्याची गंमत अशी की १९२५ तारखेचीच सॉव्हरिन १९४९, १९५१ आणि १९५२ मध्येही पाडली, त्यामुळे माझं नक्की कधीचं हे तारीख बघून तरी सांगता येत नाही.

तपासणी. वजन घेतलं, ७.९७ आलं. ठीक आहे, वापरलेलं नाणं झिजतं, १८७० च्या कायद्यात चलनासाठी कमीत कमी १२२.५ ग्रेन म्हणजे ७.९३८ ग्रॅम अशी मर्यादा होती, त्याखाली गेलं की ते चलनातून बाद. मग पाण्यातली घनता. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास, काटा शून्यावर, बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात लटकवायचं, तळाला किंवा काचेला लागू द्यायचं नाही, काट्यावर जो आकडा येतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. ०.४५ आला तर ७.९७ भागिले ०.४५ म्हणजे १७.७, सोनं आणि तांब्याच्या २२ कॅरेटला साधारण १७.६ यायला हवं. पण इथे एक मेख आहे, दोन दशांश स्थळांच्या काट्यावर ०.४४ आला की उत्तर १८.१ आणि ०.४६ आला की १७.३, म्हणजे शेवटचा आकडा इकडचा तिकडे झाला की निकालच बदलतो! म्हणून तीन स्थळांचा काटा घेतला आणि आता ०.४५३ वगैरे वाचता येतं, जीव शांत. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटून राहतात आणि घनता कमी दिसते.

पण घनता बरोबर आली म्हणून नाणं खरं असं नाही हां. १९५०-६० च्या सुमाराला बैरुतकडे ज्या नकला पाडल्या गेल्या त्यातल्या बऱ्याच चांगल्या सोन्याच्या आहेत, कारण सॉव्हरिनला आतल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळायचा आणि नकली पाडणाऱ्याचा नफा त्या फरकातच होता. तिथे काटा काही बोलत नाही, डोळाच लागतो. अक्षरं जाडसर, पृष्ठभाग साबण लावल्यासारखा गुळगुळीत, नाहीतर सपाट जागेत उठलेले बारीक फोड. आणि सगळ्यात चांगली खूण म्हणजे दोन वेगळ्या नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच खड्डा, तसा दिसला की समजायचं एकाच नाण्यावरून साचा उचललाय. म्हणून खात्रीच्या नाण्यांचे मोठे फोटो जमवून ठेवलेत आणि आय शेजारी लावून रकिबीपासून ड्रॅगनच्या पंखापर्यंत ताडून बघितलं, बीपी ही घोडेस्वाराची नक्षी करणाऱ्या बेनेडेट्टो पिस्त्रुचीची अक्षरं सुद्धा तारखेच्या उजवीकडे स्वच्छ दिसतात. कडेला मात्र वरच्या बाजूला डाखाचा अंश आहे, कधीतरी दागिन्यात बसवलेलं असणार. चालतंय मला. ज्यांना फक्त डब्यात सीलबंद एमएस ग्रेडवालीच (म्हणजे न वापरलेली) लागतात त्यांनी नाक मुरडलं तरी हरकत नाही.

डाख काढायला जाणार नाही, घासणार नाही, पॉलिश तर अजिबात नाही. पीव्हीसीचं मऊ पाकीट आलं होतं त्याच्याबरोबर, ते लगेच फेकलं (त्यातून निघणारं आम्ल नाण्यातल्या तांब्याला लागतं) आणि नाणं २२ मिमीच्या कॅप्सूलमध्ये गेलं.

सिडनीच्या खान्याचा घोळ अजून आहेच. तिथे एस असलेलं घोडेस्वार आहे, पण १८५५ ते १८७० सिडनीने जी स्वतःच्या वेगळ्या नक्षीची पाडली, ज्यावर ठळक ऑस्ट्रेलिया लिहिलंय, ते खरं तर तिथे शोभेल. त्यातल्या सुरुवातीच्यांत तांब्याऐवजी चांदी असल्यामुळे रंग पिवळसर असतो आणि घनताही थोडी वर जाते, १८ च्या आसपास, तेव्हा तपासताना १७.६ चा हट्ट धरू नका.

आता ओटावा. १९०८ चं सी फक्त ६३६ पाडलेलं, तो विषयच सोडा, १९१६ पण नको. १९११ नाहीतर १९१७ ते १९१९ मधलं कुठलंही चालेल, ती बऱ्यापैकी मिळतात. मधेच डाय नंबरवाल्या (ठशाचा क्रमांक असलेल्या) ढालींचा मोह होतोय, १८६३ ते १८७४ लंडनच्या, वेलीखाली बारीक आकडा असतो तो, पण सी येईपर्यंत त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. कोणाकडे १९११ आणि १९१९ दोन्ही असतील तर घोड्याच्या पुढच्या पायाजवळच्या सपाट जागेचे क्लोजअप टाका ना, कुठल्या वर्षाची स्वच्छ येते ते बघून मग शोधायला लागतो.