संत्र्याच्या बगीच्याकाठचा नीलांग

दिवाळी आटोपून थंडी जाणवू लागली, की गाविलगडच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या अचलपूर तालुक्यातल्या शिवारात नीलांग दिसू लागतो. माशीमार कुळातला हा पक्षी चिमणीएवढाच, पण अंगाने सडपातळ असतो. नराचा सगळा देह हिरवट झाक असलेल्या निळ्या रंगाचा, चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळा ठिपका, आणि शेपटीखालच्या पिसांवर खवल्यांसारखी पांढुरकी नक्षी. मादी याच रंगात जराशी फिकट. पिसांतला हा निळा रंग रंगद्रव्याचा नसून त्यांच्या सूक्ष्म रचनेतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा असतो, त्यामुळे ऊन पक्ष्याच्या पाठीमागे असले तर तो मळकट वाटतो आणि समोरून पडले की झळाळून उठतो.

त्याचे मूळ घर मात्र हिमालयात आहे. साधारण १,२०० ते ३,००० मीटर उंचीवर, बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या ज्या जंगलांत पावसाळाभर ढग झाडांतून फिरतात आणि खोडाखोडावर शेवाळ चढते, तिथे तो वीण करतो. त्याच शेवाळाचे वाटीसारखे घरटे तो दरडीच्या कपारीत, पुलाखाली, कधी घराच्या वाशावरही बांधतो. हिवाळ्यात तिथे उडते कीटक दुर्मीळ होतात आणि ज्याचे पोट प्रामुख्याने त्यांच्यावरच अवलंबून आहे, त्याला खाली उतरावेच लागते. दक्षिणेतल्या डोंगरांवरच्या शोला नावाच्या सदाहरित वनांत त्याचा जवळचा नातलग, निलगिरीचा माशीमार, बारमाही राहतो. तो आपला डोंगर सोडत नाही. आमच्याकडच्या कोरड्या सागवनांत येतो तो हा उत्तरेकडचा.

इथे त्याला काय हवे असते, हे नाल्याकाठी थोडा वेळ उभे राहिले तरी कळते. आमच्याकडे बाराही महिने राहणारा, नारिंगी छातीचा टिकेलचा माशीमार सावलीत, खालच्या फांद्यांवर वावरतो. नीलांग मात्र उंच कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, किंवा जांभळाच्या शेंड्यावर, बहुधा निष्पर्ण काटकीवर, ताठ बसतो. हवेत झेप घेतो, चोचीचा बारीक आवाज करून कीटक टिपतो आणि पुष्कळदा त्याच काटकीवर परततो. जानेवारीच्या सुमारास संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या बहाराची, फुले उमलली, की बगीच्यावर कीटकांची वर्दळ वाढते आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडावरून त्याच्या फेऱ्याही वाढतात. त्याच सुमारास फवारणीचे पंप निघतात, याची मला दरवर्षी काळजी वाटते.

धुऱ्यावरच्या मोठ्या झाडांची सावली पिकाला जाचते, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून पक्ष्यांविषयी बोलणे मला अप्रामाणिक वाटते. तरीही सगळे झाड तोडण्याऐवजी बगीच्याच्या बाजूच्या खालच्या फांद्या छाटल्या, तर ऊनही मिळते आणि शेंडाही शाबूत राहतो. शेंड्यावरची वाळकी काटकी तर कुणालाच आडवी येत नाही. तीही आपण सरपणासाठी ओढतो, हे मला पटत नाही. शेजारच्या वावरातल्या काकाजींशी याविषयी बोललो, तेव्हा त्यांनी नाल्याकडचे दोन कहू ठेवायचे मान्य केले आणि फवारणीही मधमाश्या फुलांवर नसताना, संध्याकाळी करू म्हणाले. मार्चमध्ये नीलांग उत्तरेकडे निघेपर्यंत, त्या दोन झाडांवर तो किती वेळ बसतो याची नोंद ठेवण्याचे मी ठरवले आहे.