बाई कुणाच्या?

शाळेच्या शतकमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि त्यासोबत स्मरणिकेसाठी लिहिण्याची विनंतीही. जुन्या इमारतीवर, ग्रंथालयावर, स्नेहसंमेलनांवर इतर जण लिहितीलच. मला बाईंवर लिहू द्या. नाव सांगायची गरज नाही. आपल्याकडे शिक्षिका बऱ्याच होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

नगरच्या मिशन शाळेत शिकलेल्यांना सकाळची प्रार्थना वेगळी सांगायला नको. आधी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं पद, मग बाईंचं वाचन. बायबलमधली यहोशवाची गोष्ट त्यांची आवडती. यरीहोजवळ यहोशवाला नंगी तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. हा विचारतो, “तू आमच्या पक्षाचा की आमच्या शत्रूंच्या?” तो म्हणतो, “नाही. मी परमेश्वराचा सेनापती म्हणून आलो आहे.” तेव्हा यहोशवा दंडवत घालतो आणि विचारतो, “स्वामींची काय आज्ञा आहे?” पुस्तक मिटून बाई म्हणायच्या, “पहिला प्रश्न चुकला होता त्याचा. दुसरा बरोबर होता.”

मराठीच्या तासालाही तेच. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ हा तुकोबांचा चरण फळ्यावर लिहायचा आणि शेजारी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 23व्या अध्यायातली आज्ञा सांगायची: पुष्कळ जण करतात म्हणून वाईटाच्या मागे जाऊ नको, आणि कोणी गरीब आहे म्हणून त्याच्या वादात त्याचा पक्षपातही करू नको. टिळक तर म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. बाई त्या पुलावरून रोज ये-जा करत होत्या. घरी वारकरी वातावरण असलेल्या माझ्यासारख्या मुलीला त्यांच्या वर्गात कधी परकं वाटलं नाही.

आता खो-खोच्या सामन्याविषयी. बोर्डिंगची मुलं विरुद्ध गावातली मुलं, अंतिम सामना. बाई खांबाजवळ पंच म्हणून उभ्या, मी गुणफलकाशी खडू घेऊन. शेवटचं मिनिट. बोर्डिंगच्या मुलाला खो मिळाला, तो खांबाच्या दिशेनं निघाला, आणि मागून जाणारा गडी दिसताच मध्येच उलटा फिरून त्यानं त्याला बाद केलं. एकदा दिशा घेतल्यावर खांब गाठल्याशिवाय किंवा खो दिल्याशिवाय मागे फिरता येत नाही, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी बोर्डिंगची सगळी पोरं ‘आउट, आउट’ करत बाईंभोवती गोळा झाली. त्यातला एक मोठा मुलगा म्हणाला, “बाई, तुम्ही तर आमच्या!”

बाई बोर्डिंगच्या आवारातच राहत. त्या मुलांचे ताप, जखमा, घरची पत्रं सगळं त्याच पाहत. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्याच बाकांवर बसत. म्हणजे त्या मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी पदराला हात पुसले, मुलांकडे पाहिलं आणि डोळे मिटून क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “फाउल आहे. गडी बाद नाही.” बोर्डिंग हरलं.

लोक ही गोष्ट इथवरच सांगतात. मला पुढची महत्त्वाची वाटते. गावातल्या मुलांना वाटलं, बाई आता आपल्या झाल्या. चार दिवसांनी ती एक अर्ज घेऊन आली: बोर्डिंगची मुलं हौदावर दादागिरी करतात, त्यांना मधल्या सुट्टीत तिकडे येऊ देऊ नये, बाईंनी सही करावी. बाईंनी अर्ज नीट वाचला. “हौदावर काय होतं ते मी उद्या स्वतः उभी राहून बघते,” म्हणाल्या, “पण बाळांनो, त्या दिवशी मी तुमच्या बाजूनं बोलले नव्हते.” अर्ज घडी करून परत दिला. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या भर उन्हात हौदाशी उभ्या दिसू लागल्या.

त्याची किंमत त्यांनी मोजली. चर्चच्या मंडळीतली काही माणसं पुढे कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हती. गावातही ‘बाई शेवटी त्यांच्याच’ असं कुणीतरी म्हणालंच. बाईंच्या तोंडून मात्र त्यावर कधी एक शब्द ऐकला नाही. बाई तटस्थ होत्या, असं कुणी लिहिलं तर मला ते मान्य नाही. तटस्थ माणूस निकाल देत नाही. बाई ठामपणे निकाल देत, फक्त तो कुणाला आवडेल हे आधी बघत नसत.

आज मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करते. 1984च्या कायद्यानं ही न्यायालयं आली, आणि त्यात आमच्यासारख्यांची सोय झाली. नवरा-बायको, त्यांच्या आया, मामा, कधी मोठी झालेली मुलं, सगळे समोर बसतात आणि पाच मिनिटांत विचारतात, “मॅडम, तुम्हीच सांगा, चूक कुणाची?” खरा प्रश्न असतो, तुम्ही कुणाच्या. सुनेला वाटतं मी बाई म्हणून तिची, सासूला वाटतं मी वयानं तिची. मी पुढची तारीख देते, दोघांचं वेगवेगळं ऐकते. घरी दिवा लावताना त्या दोघांचीही नावं घेते आणि विठ्ठलाला विचारते, की यात तुला काय आवडेल. उत्तर रोज मिळतं असं नाही. विचारल्यावर निदान मला कुणाची तरी होण्याची घाई राहत नाही.

मध्ये शाळेत येऊन गेले. बोर्डिंग बंद झालंय, हौदाच्या जागी फिल्टरचं यंत्र आहे, प्रार्थना ध्वनिक्षेपकावर लावतात. सोयी वाढल्या, त्याचा आनंदच आहे. पण वर्गात मुलांशी बोलताना जाणवलं, की दहा वर्षांच्या मुलालाही आपण कुठल्या गटाचे हे पाठ आहे, आणि दुसऱ्या गटाचा मुलगा खरं बोलला तरी ते कबूल करणं त्याला हार वाटते. प्रार्थनेनंतरची ती पाच मिनिटं पुन्हा सुरू करावीत. गोष्ट यहोशवाची सांगा, तुकोबांची सांगा, कुणीतरी समोर उभं राहून सांगा.

शतकमहोत्सवी खो-खो स्पर्धेसाठी एक रक्कम मी समितीकडे पाठवली आहे. ती विजेत्यांच्या करंडकासाठी नाही, पंचांच्या मानधनासाठी आहे. पावतीवर बाईंचं नाव घालावं, ही विनंती.