सुतारकामाचाच व्यवसाय का केला नाहीत?

आधी भुसावळला रेल्वेच्या कार्यालयात 11 वर्षे आणि नंतर जळगावच्या महाविद्यालयात 22 वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या पडवीत रंधे, पटाश्या आणि काटकोन तपासायचा गुण्या पाहिला की येणारा हमखास विचारतो, ‘हात इतका बसला होता, तर सुतारकामाचाच व्यवसाय का केला नाहीत?’

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, केला होता, एका देव्हाऱ्यापुरता. नात्यातल्या एकांनी आगाऊ पैसे देऊन आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, देव्हारा मागितला. वखारीतून आणलेल्या सागाच्या फळ्या पुरत्या वाळलेल्या नव्हत्या हे मला दिसत होते, पण शब्द दिलेला होता. दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत खुळखुळू नये म्हणून मी ती चारही बाजूंनी फेविकॉलने पक्की केली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 44 अंशांवर जातो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते, आणि त्यातही सपाट चिरलेली फळी उभ्या रेघांच्या फळीच्या सुमारे दुप्पट आकसते. सरकायला जागाच न उरल्यामुळे ती फळी जेठ लागता लागता वरपासून खालपर्यंत तडकली. लहानपणी ज्यांच्या नेहावर, म्हणजे सुतारकामाच्या जागी, बसून मी तिफणी आणि वखर घडताना पाहिले, त्या आबांनी फटीत नख घालून एवढेच विचारले, ‘सूतभर जागा सोडता नाही आली का, भाऊ?’ इंचाचे आठ सूत; त्यातला एक मी सोडला नव्हता. पैसे परत केले आणि दार नव्याने करून दिले.

पगार चालू असल्यामुळे त्यानंतर मला कधी तारीख कबूल करावी लागली नाही, एवढेच माझे उत्तर आहे. व्यवसाय करणारा सुतार लाकूड वाळण्यासाठी दोन उन्हाळे थांबू शकत नाही, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही.

गावोगावची धाब्याची घरे उतरवून स्लॅब पडू लागले, तेव्हा जुन्या सागाच्या तुळया मी घेत गेलो. त्यांवर रंधा फिरवण्याआधी लोहचुंबक फिरवावे लागते, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा पात्याची धार घालवतो. सध्या पडवीत अशीच एक तुळई आहे. तिच्या टोकाची कूस, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारा भाग, अजून चौरस आहे आणि भोकात लाकडी खुंटी तशीच अडकलेली आहे. तिचे काय करायचे, हे दोन वर्षे ठरलेले नाही.