कंदिलाचे उरलेले कागद

आमच्या दहावीच्या तुकडीला (१९८८) चित्रकलेचा तास गुरुवारी शेवटचा असायचा आणि तो बहुतेकदा गणिताला जायचा. सर कधी कुरकुरले नाहीत. "शनिवारी थांबा," एवढंच म्हणायचे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सहा-सात जण जिन्याखालच्या खोलीत जमायचो. आधी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल जरा वाकडा झाला तरी कागद परत मिळायचा. ते आटपलं की कपाटावरून बुटांचा एक खोका खाली यायचा. त्यात दिवाळीच्या कंदिलांचे उरलेले पतंगी कागद. पेन्सिल नाही, कात्री नाही. फाडायचं आणि चिकटवायचं. खळ सरांच्या घरून यायची, मैद्याची, किंचित आंबूस वासाची. मी एकदा लाल कागदाचा हत्ती केला आणि त्यावर निळा तुकडा लावला. खळीनं दोन्ही रंग सुटले, बोटं जांभळी झाली. मी कागद चुरगळणार तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं. "वाळू दे आधी."

वाळल्यावर तो हत्ती वांग्याच्या रंगाचा झाला होता, आणि पाठीवर सुरकुत्या. तशा सुरकुत्या मला आजही ब्रशनं जमत नाहीत.

पुढे मुंबईला कमर्शियल आर्ट शिकताना ग्रंथालयात मुलांच्या पुस्तकांचे लेखक-चित्रकार एरिक कार्ल यांचं भुकेल्या अळीचं पुस्तक हाती आलं आणि पहिला विचार आला तो हाच, की अरे, हे तर पतंगी कागद! कार्ल पातळ टिश्यू कागद आधी स्वतः रंगवत, वाळवत, मग कापून चिकटवत. रंगवलेले कागद रंगांनुसार लावलेल्या खणांत ठेवलेले असत. आमचा बुटांचा खोकाच तो, फक्त नीट लावलेला.

त्यांचं आयुष्य नंतर वाचलं. जन्म १९२९चा, अमेरिकेत. सहा वर्षांचे असताना आईवडील जर्मनीला परतले, म्हणजे बालपण हिटलरच्या राज्यात, स्टुटगार्टमध्ये. वडील युद्धावर गेले, रशियनांच्या कैदेत पडले. शाळेत क्राउस नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. हुबेहूब चित्रंच शिकवायची, असा वरून हुकूम. या मुलाच्या हातातला मोकळेपणा त्यांना दिसला. त्यांनी त्याला घरी बोलावलं आणि सरकारनं बंदी घातलेल्या आधुनिक चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती गुपचूप दाखवल्या. कळलं असतं तर त्यांची धडगत नव्हती. सत्तरएक वर्षांनी, २०११ साली, कार्ल यांनी निळा घोडा रंगवणाऱ्या एका चित्रकार मुलाचं पुस्तक केलं, ते त्या बंदी घातलेल्यांपैकीच एक, फ्रान्झ मार्क, याच्या निळ्या घोड्यांच्या आठवणीत. (आमच्या सरांच्या डोक्यावर कुणी हुकूमशहा नव्हता. गणिताच्या बाई होत्या.)

अळीची गोष्ट सुचली ती कागदांच्या गठ्ठ्याला पंच करताना. भोकं बघून त्यांना आधी पुस्तकं खाणारा किडा आठवला, त्याची अळी झाली ती संपादिकेमुळे. भोकं पाडलेली, कमी-जास्त रुंदीची पानं परवडेल अशा किमतीत अमेरिकेत छापून मिळेनात, तेव्हा १९६९ साली ते पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं. इंग्रजी वाचणाऱ्या चोखंदळांनी त्यातल्या 'ककून' (cocoon) या शब्दावरून चूक काढली, की फुलपाखरू तसल्या रेशमी वेष्टनातून निघत नाही. आपण दोन्हींना कोशच म्हणतो, त्यामुळे मराठीत हे भांडण लागूच शकत नाही!

मी आता मुलांच्या पुस्तकांचीच चित्रं काढते. बत्तीस पानं, म्हणजे सोळाचे दोन फॉर्म. आधी घडी घालून डमी करायची, कुठलं पान कुठल्या पानासमोर येतं ते बघायचं. पहिल्या पुस्तकात डमी न करताच चित्रं दिली. छापून आलं तेव्हा नायिकेचं नाक शिलाईत गेलं होतं. दोष माझाच.

दुसऱ्या पुस्तकात मुद्दाम एक जांभळा हत्ती घातला आणि प्रत घेऊन सरांकडे गेले. तोवर ते निवृत्त झाले होते, दृष्टीही अधू. त्यांनी सगळी पानं सावकाश उलटली. हत्तीपाशी थांबून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि मग अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"रंग सुटत नाही गं," म्हणाले.