शिवाराचे नाव

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मी आरोग्यसेविका आहे. दरवर्षी मे महिन्यात मजुरांच्या झोपड्यांवर सकाळी लवकर जायचे, उष्माघाताचे पत्रक वाचून दाखवायचे, मीठ-साखरेचे पाणी करून दाखवायचे आणि १०८ हा क्रमांक पाठ करून घ्यायचा, हे माझे ठरलेले काम असते. केळीच्या कामाला येणारी ही माणसे बहुतेक मध्य प्रदेशातील बडवानी आणि खरगोन जिल्ह्यांतली. आपल्याकडे ज्यांना पावरा म्हणतात, त्यांनाच तिकडे बारेला म्हणतात. झोपडीत त्यांची स्वतःची बोली चालते, मुकादमाशी हिंदी, शेतमालकाशी कामापुरती अहिराणी, आणि माझ्या हातातले पत्रक मात्र ‘निर्जलीकरण टाळावे’ अशा मराठीत असते. वाचन संपले की सगळे मान डोलावत आणि मी वहीत उपस्थितांचा आकडा लिहून निघत असे.

त्या दिवशी सोबतच्या आशाताई स्वतः पावरा होत्या, म्हणून पत्रक पिशवीतच राहिले. त्या बोलल्या तेव्हा मला चार शब्दांतला एक कळत होता. पण प्रथमच प्रश्न समोरून येत होते. शेवटी मी कडुनिंबाच्या आड जाऊन उभी राहिले आणि सांगितले की मी १०८ची ताई आहे, कोणीतरी चक्कर येऊन पडले आहे, मला फोन करा. सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीने रिकाम्या मोबाईलवर मला हिंदीत सगळे नीट सांगितले: माणूस पडला आहे, अंग तापले आहे, बडबडतो आहे. मी विचारले, “कुठे?” ती म्हणाली, “शेठ के खेत में.” कोणता शेठ, तर मोठा शेठ. गाव कोणते, तर मुकादमाला माहीत. मुकादम त्या दिवशी सेंधव्याला गेला होता.

तीन महिने राहत असलेल्या जागेचे नाव त्या वीस-बावीस माणसांपैकी एकालाही सांगता येत नव्हते. त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण मुकादमाने गाडीतून आणून शेतात उतरवले होते आणि नाव सांगण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. मी इतकी वर्षे क्रमांक पाठ करून घेत होते. पण फोन उचलणारा पहिल्यांदा ठिकाण विचारणार, हे मलाच कधी सुचले नव्हते.

शेतमालकाच्या आई बांधावर उभ्या राहून ऐकत होत्या. “त्यास्ले काय इचारतस ताई, माले इचारा ना,” असे म्हणत त्या पुढे आल्या आणि शिवाराचे नाव, चोपडा-शिरपूर रस्त्यावरचा फाटा, फाट्यावरचे वडाचे झाड असे सगळे त्यांनी अहिराणीत सांगितले. त्याचे आम्ही हिंदीत दोन वाक्यांत रूपांतर केले आणि प्रत्येकाकडून ती वाक्ये म्हणवून घेतली. मुलीच्या धाकट्या भावाने ती कोळशाने पाण्याच्या टाकीवर लिहिली. त्यात सकाळचा तासभर गेला.

दुपारी तीनच्या सुमारास उपकेंद्रात असताना आशाताईंचा फोन आला. केळीचे घड वाहणारा एक माणूस खरोखरच पडला होता आणि त्याच मुलीने १०८ला फोन केला होता. मी स्कूटरवरून पोहोचले तेव्हा त्याला सावलीत आणलेले होते. तो असंबद्ध बोलत होता. थर्मामीटरचा पारा ४० अंशांच्या वर गेला होता. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसून चालत नाही, अंग तिथल्या तिथे थंड करावे लागते. आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचे नसते, नाहीतर ते श्वासनलिकेत जाते. हे दोन्ही त्यांनी लक्षात ठेवले होते.

मात्र ओल्या फडक्याने अंग पुसा असे सांगताना पाणी कोणते, हे मी सांगितले नव्हते. कृषिपंपाची वीज गेलेली होती, म्हणून एकाने ठिबकच्या नळीत उरलेले पाणी काढले. दिवसभर उन्हात तापलेल्या काळ्या नळीतले ते पाणी हाताला चटका देत होते. एका म्हातारीने ते फेकून दिले आणि झोपडीतला पिण्याचा माठ उचलून त्याच्या अंगावर रिता केला. दुसरा माठ मी येण्यापूर्वीच संपला होता. मग आम्ही बादल्या घेऊन मालकाच्या घरी धावलो, आणि मी पोत्याने वारा घालत राहिले.

रुग्णवाहिका न चुकता वडाच्या झाडापाशी वळली. चालकाने नंतर सांगितले की त्या मुलीला रुग्णाचे वय विचारले, नाव विचारले, तरी ती दर वेळी तीच दोन वाक्ये म्हणत होती. तो माणूस चौथ्या दिवशी रुग्णालयातून परतला.

पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता मी ‘माठाचे पाणी, नळीचे नाही’ असे हाताने लिहिते आणि त्याखाली शिवाराच्या नावासाठी रिकामी रेघ ओढते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. ती टोळी शिरपूरच्या बाजूला दुसऱ्या शेतावर गेली होती आणि तिला तिथली दोन वाक्ये हवी होती. ते शिवार माझ्याही माहितीचे नव्हते. फोन चालूच ठेव आणि रस्त्याने जो जाईल त्याला विचार, असे मी सांगितले. पलीकडून ती कोणा सायकलवाल्याला हिंदीत हाका मारत असल्याचे मला ऐकू येत होते.