सेक्स्टन ब्लेकचे जुने अंक

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून मी सेक्स्टन ब्लेकच्या कथांचे जुने अंक जमवतो आहे. बेकर स्ट्रीटवर राहणारा हा गुप्तहेर डिसेंबर १८९३ मध्ये ‘द हाफपेनी मार्व्हल’ या साप्ताहिकात प्रथम अवतरला आणि पुढे सत्तरहून अधिक वर्षे, सुमारे दोनशे लेखकांच्या हातून, हजारो कथांमधून वावरत राहिला. शेरलॉक होम्सची नक्कल म्हणून त्याची बोळवण केली जाते, ती मला अन्यायाची वाटते. टिंकर हा पोरसवदा साहाय्यक, पेड्रो हा ब्लडहाउंड कुत्रा आणि घर सांभाळणाऱ्या मिसेस बार्डेल यांच्यामुळे त्याच्या घराला एक नांदतेपण आले आहे.

माझा खरा जीव ब्लेकच्या कथा छापणाऱ्या ‘युनियन जॅक’मध्ये गुंतला आहे. १८९४ ते १९३३ या काळात निघालेल्या या साप्ताहिकाच्या कितीतरी अंकांवर लेखकाचे नावच नसे. त्यामुळे कथा वाचता वाचता ती कोणाच्या हातची असावी हे ओळखणे, हा संग्रहातला सर्वांत मोठा आनंद आहे. उंची पोशाखातला, अफूमिश्रित सिगारेट ओढणारा झेनिथ हा वर्णहीन कांतीचा गुन्हेगार पानावर आला की अँथनी स्कीनची लेखणी कळते. (बंगालीत दीनेंद्रकुमार राय यांनी ब्लेकचा रॉबर्ट ब्लेक केला, तेही अंक कधीतरी हाती यावेत अशी इच्छा आहे.)

हे अंक टिकावेत म्हणून कोणी छापलेच नव्हते. लगद्याच्या स्वस्त कागदातील आम्लामुळे पाने तपकिरी होऊन कडांना तुटतात, तारेच्या पिना गंजून मधला जोड कुरतडतात, आणि दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे घरोघरची रद्दी गोळा झाली तेव्हा असे असंख्य अंक पुन्हा लगद्यात गेले. म्हणून हाती आलेला प्रत्येक अंक मी आम्लरहित कागदाच्या पाकिटात, अंधाऱ्या कपाटात, आडवा ठेवतो. चिकटपट्टी मात्र कधीही लावत नाही, कारण तिचा डाग फाटलेल्या पानापेक्षा अधिक नुकसान करतो.

काही मुखपृष्ठांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडा आढळतो. अंक कोणत्या घरी टाकायचा हे वाटणाऱ्या मुलाला कळावे म्हणून दुकानदार तो लिहीत असत. विक्रेते त्याला दोष मानून किंमत उतरवतात. मी तो आकडा कधी खोडत नाही.