चेरानला पक्ष नाहीत, बरोबर

"चेरानमध्ये राजकीय पक्षांना हाकललं म्हणे. मग आपल्या गावात का जमत नाही?" मी मेक्सिकोत राहून आले हे कळलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच.

जमेल की! आधी गावाच्या सामाईक मालकीचं डोंगरभर पाइनचं जंगल आणा. चेरान हे पुरेपेचा आदिवासींचं गाव, मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या पुरेपेचा पठारावर, सुमारे 2,400 मीटर उंचीवर आहे. जमीन ज्वालामुखीची, पाऊस पडला की सगळा आत मुरतो. त्यामुळे झरा म्हणजे जीव. बंदूकवाल्यांच्या आडोशाने लाकूडतोड झऱ्यापाशी येऊन ठेपली, तेव्हा 15 एप्रिल 2011 च्या पहाटे बायकांनी ट्रक अडवले. पक्ष नंतर गेले. 2012 पासून नगराध्यक्षाऐवजी बारा केरींचं, म्हणजे वडीलधाऱ्यांचं, मंडळ आहे, चार आळ्यांतून प्रत्येकी तिघं. तुम्ही मात्र सुरुवात 'पक्ष गेले' इथूनच करता.

आता निवडीबद्दल. आळीची सभा भरते, उमेदवार पुढे उभे राहतात, आपण पसंतीच्या माणसामागे रांग लावायची. मग डोकी मोजतात.

ज्यांच्या घरी मी राहत होते त्या बाई आदल्या रात्री चुलीपाशी एका शिक्षिकेचं कौतुक करत होत्या. सकाळी उभ्या राहिल्या दिराच्या मागे. शिक्षिकेची रांग तोकडी, दहा पावलांवर. तिने मागे वळून कोण कोण आहे ते पाहिलं, तेव्हा बाई रेबोसो, म्हणजे अंगावरची शाल, सावरत राहिल्या. मोजणी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वाटेत मी विचारलंच. म्हणाल्या, "मका घरी आणायला मला त्याच्याच बांधावरून यायचंय."

"चिठ्ठी टाकून मत दिलं असतं तर?" मी चिडून म्हटलं.

"चिठ्ठी होती ना. तेव्हा निवडणुकीआधी पक्षवाले सिमेंटच्या गोण्या आणून टाकायचे. चिठ्ठी गुप्त होती, गोणी नव्हती."

त्या दिवशीच्या वहीत मी लिहिलंय: 'ही सक्तीच.' ते लिहिणाऱ्या तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. दीर निवडून आला तर रोज त्याच बांधावर भेटणार, जाब तिथेच विचारता येणार. हे त्या वहीतल्या मला का दिसलं नाही? ती वहीतली मी म्हणते, विचारेल कोण, वाट कुणाची आहे? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी पुण्यात बसून कुणी 'ही कसली लोकशाही' म्हणालं की मी तावातावाने चेरानची बाजू घेते, आणि कुणी आरती ओवाळायला लागलं की मला ती तोकडी रांग आठवते.

आणि हो, त्याच नगरपालिकेत तानाको नावाचं आणखी एक गाव आहे. चार आळ्या चेरान गावातल्या, त्यामुळे बारा केरीही तिथलेच. तानाकोचं काय, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही.